खालाचा बीपी कुणी मोजलाच नाही

आमच्या घरात एक वाक्य वर्षानुवर्षे तसेच्या तसे सांगितले जायचे : "उसको असर हो गया था." अम्मीच्या धाकट्या बहिणीबद्दलचे, म्हणजे माझ्या खालाबद्दलचे हे वाक्य. १९८४ च्या पावसाळ्यात, बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या एका खेड्यात, आठवा महिना चालू असताना ती गेली. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा होतो. मला तिची हिरवी ओढणी तेवढी आठवते. बाकी सगळे ऐकलेले.

ऐकलेले ते असे. तिचे पाय सुजले होते, चपला पायात जात नव्हत्या. पहिलटकरणीचे पाय सुजतातच, असे सगळ्या म्हणाल्या. मग डोके दुखू लागले. दोन दिवस ती कपाळाला ओला फडका बांधून पडून होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत. त्याच संध्याकाळी तिला झटका आला. दातखीळ बसली, अंग ताठ झाले, तोंडाला फेस आला. थोड्या वेळाने शांत झाली आणि पुन्हा तेच. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी येऊन दम केला, पाणी पढून दिले. ट्रॅक्टर मिळेपर्यंत मध्यरात्र झाली, आणि नाल्याचा पूर उतरेपर्यंत पहाट. दवाखान्याच्या दारात पोहोचले ते ट्रॅक्टर, खाला नव्हे.

त्या बुजुर्गांना मी कधी दोष दिला नाही. झटका येणाऱ्या माणसाला 'असर' झाला असे मानणारा आपला जिल्हा आहे. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दूरदूरून, सगळ्या जातीधर्मांची माणसे अशाच दुखण्यांची गाठोडी घेऊन येतात. त्या बुजुर्गांपाशी जे होते ते त्यांनी दिले. प्रश्न असा आहे की, त्या रात्री जे द्यायला हवे होते ते जगात कुठे होते का? आणि होते, तर आमच्या गावापासून किती लांब होते?

हा प्रश्न मला पडला तो फार उशिरा, माझ्या भाचीच्या बाळंतपणात. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी तिला तपासता तपासता विचारले, "डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? बरगडीखाली दुखतं का?" मी दाराशी उभा होतो. मला वाटले, या बाई माझ्या खालाला ओळखत होत्या की काय! भाचीचा बीपी १७० वर ११६ निघाला. पुढचे दोन तास मी पाहत होतो. एक परिचारिका शिरेतून अगदी सावकाश इंजेक्शन देत होती आणि दुसरी दर काही मिनिटांनी दंडावरचा पट्टा फुगवून आकडा मोठ्याने सांगत होती. भाची वाचली, बाळही वाचले. घरी आल्यावर मी त्या इंजेक्शनचा इतिहास वाचायला घेतला. वैद्यक हा माझा विषय नाही, मी उर्दू-मराठीचा मास्तर. पण हा इतिहास आपल्या हकिमांच्या दारावरून, मुंबईच्या केईएमवरून आणि आपल्या विदर्भातल्या नागपूरवरून जातो. म्हणून तो इथे सांगतो.

नब्ज आणि पट्टा

आपल्याकडचे जुने हकीम नब्ज पाहायचे. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये नाडीवर सविस्तर प्रकरण आहे. बोटांखाली नाडी जड, भरलेली, ताठ लागते, एवढे त्यांना कळत होते. पण नाडीचा ताठपणा आकड्यात सांगायची सोय जगात कुणाकडेच नव्हती. ती सोय १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी केली. दंडाला बांधायचा, हवेने फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली, कोपराच्या खोबणीत, स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकण्याची रीत सांगितली. आज आपण बीपीचे वरचे आणि खालचे असे दोन आकडे म्हणतो, ते या रीतीमुळे.

आकडा कळला, तरी पुढे काय करायचे हे पन्नास वर्षे कळले नाही. मीठ तोडा, पडून राहा, चिंता करू नका, एवढाच सल्ला. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दुपारी त्यांच्या डॉक्टरने बीपी मोजला, तो ३०० वर १९० होता. सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाजवळ डॉक्टर होता, पट्टा होता, आकडाही होता. औषध नव्हते.

असरौलची मुळी

औषध आपल्याकडे होते, पण वेगळ्या नावाने. सर्पगंधा हे एक छोटे झुडूप. युनानी हकीम त्याला असरौल म्हणतात. बिहारकडे त्याच्या मुळीला वेडावरची दवा म्हणूनच लोक ओळखत. मुळी दिली की बेफाम झालेला माणूस शांत होतो, झोपतो. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, ही मुळी वेडावर चालते तशीच वाढलेल्या रक्तदाबावरही चालते.

त्याच वर्षी दिल्लीत आणखी एक काम पुरे झाले. हकीम अजमल खान यांना आपण १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती म्हणून ओळखतो. पण मुळात ते हकीम होते, आणि असे हकीम होते की ज्यांना आपल्या दवांची प्रयोगशाळेत कसून परीक्षा व्हावी असे वाटत होते. दिल्लीच्या करोलबागेतल्या त्यांच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनाचा विभाग उभा करण्यासाठी त्यांनी जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेल्या सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणाला हाताशी धरले. हकीमसाहेब डिसेंबर १९२७ मध्ये गेले. काम थांबले नाही. १९३१ मध्ये सिद्दीकींनी असरौलच्या मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीमसाहेबांचे नाव दिले : अजमलिन. हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडात हे द्रव्य पुढे जगभर वापरले गेले. युनानी म्हणजे जुनाट आणि विज्ञान म्हणजे परके, असे आपल्या मोहल्ल्यात आजही बोलले जाते. तसे बोलणाऱ्यांना मी हे नाव सांगतो.

पुढचे पाऊल मुंबईत पडले. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधा रुग्णांना देऊन, बीपी मोजून, नोंदी ठेवत होते. १९४९ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांचा अनुभव छापला. त्या लेखाने पश्चिमेचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या सिबा कंपनीने तिच्यातून रेझरपिन वेगळे केले. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण सर्पगंधेची चाल मंद. दिवसांनी, आठवड्यांनी गुण येतो. खालाचा बीपी तासातासाने चढत असणार. तिथे मुळीचा उपयोग नव्हता. तिथे लागते ते शिरेतून जाऊन काही मिनिटांत काम सुरू करणारे औषध.

सुईतले औषध

ते औषधही त्याच सिबा कंपनीत, त्याच सुमारास, म्हणजे १९५० च्या आगेमागे तयार झाले. नाव हायड्रॅलाझिन. तिथले रसायनतज्ज्ञ खरे म्हणजे मलेरियावर औषध शोधत होते. हाती लागले ते रक्तवाहिन्या सैल करणारे द्रव्य.

त्याचे काम समजायला शेतातला पाइप आठवा. पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोरात उडते. बोट सैल केले की जोर कमी होतो. आपल्या शरीरात धमन्यांच्या शेवटच्या बारीक फांद्यांभोवती स्नायूंचा वेढा असतो. तो आवळला की दाब वाढतो. हायड्रॅलाझिन हा वेढा थेट सैल करते. शिरेतून दिल्यावर दहा-वीस मिनिटांत परिणाम दिसतो.

गरोदरपणात हा वेढा का आवळला जातो, याचे मूळ वारेत आहे. वार नीट रुजली नाही की ती आईच्या रक्तात अशी द्रव्ये सोडते, ज्यांनी सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. मग बीपी चढतो, लघवीतून प्रथिन जाते, डोके दुखते, काजवे चमकतात. मेंदूला सूज आली की झटके येतात. त्यांना एक्लॅम्पसिया म्हणतात. यावरचा खरा इलाज बाळंतपण हाच. इंजेक्शन मुळावर घाव घालत नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटू न देता आईला बाळंतपणापर्यंत नेणे, एवढेच त्याचे काम. पण त्या 'एवढ्याच' कामावर दोन जीव अवलंबून असतात.

म्हणून हायड्रॅलाझिनचे इंजेक्शन अनेक दशके जगभरच्या प्रसूतिगृहांत पहिल्या पसंतीचे राहिले. त्याच औषधाची गोळी मात्र दुसऱ्या वाटेने घरोघर गेली. अमेरिकेत एडवर्ड फ्रिस यांच्या पुढाकाराने माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर अभ्यास झाला. त्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता. निम्म्यांना रेझरपिन, हायड्रॅलाझिन आणि लघवी वाढवणारी एक गोळी दिली, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. १९६७ मध्ये निकाल छापला : पोकळ गोळ्यांच्या गटात ४ मृत्यू, औषधाच्या गटात एकही नाही. बीपीवर औषध घेतल्याने माणूस वाचतो, हे इतक्या नीट रीतीने तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झाले. आणि त्या मिश्रणात असरौलच्या मुळीतून निघालेले द्रव्य होते.

आपल्याकडे अॅडेलफेन नावाची गोळी चालायची. पन्नाशीपुढच्या वाचकांनी आपल्या दादा-नानांच्या उशाशी तिची पट्टी पाहिली असेल. तिच्यात रेझरपिन आणि हायड्रॅलाझिनचे भावंड, अशी दोन औषधे एकत्र होती. माझे दादा ती घ्यायचे. म्हणजे १९८४ मध्ये आमच्या घरात या औषधाच्या घराण्यातली गोळी फळीवर पडलेली होती. पण ती म्हाताऱ्या माणसाची रोजची गोळी होती. दादांच्या दुखण्याशी खालाच्या डोकेदुखीचे काही नाते असेल, हे कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तसे यायला आधी बीपी मोजावा लागतो. तिच्या आठ महिन्यांत तो एकदाही मोजला गेला नाही.

हात आणि घड्याळ

औषध होते, मग ते गावात का नव्हते? कारण ही सुई एकटी येत नाही. एका वेळी साधारण ५ मिलिग्रॅम, तेही सावकाश. मग थांबायचे, मोजायचे, गरज असेल तरच पुन्हा द्यायचे. घाई केली तर बीपी एकदम कोसळतो आणि वारेकडे जाणारे रक्त कमी होऊन पोटातले बाळ गुदमरते. शिवाय हे औषध काम करताना आईची छाती धडधडते, डोके दुखते. आणि झटका येण्याआधीचे लक्षणही डोकेदुखीच! ही डोकेदुखी औषधाची की आजाराची, हे ओळखायला खाटेजवळ जाणता माणूस लागतो. म्हणजे इंजेक्शनसोबत सलाइन, पट्टा, घड्याळ आणि न हलणारी परिचारिका, असे सगळे बिऱ्हाड लागते.

याच जातीची दुसरी औषधे तर आणखी नाजूक. सोडियम नायट्रोप्रसाइड हे ठिबकने देतात. उजेडाने ते बिघडते म्हणून बाटली गुंडाळून ठेवावी लागते. परिणाम मिनिटाच्या आत. जास्त वेळ दिले तर शरीरात सायनाइड साचण्याचा धोका. असे औषध अतिदक्षता विभागाबाहेर निघू शकत नाही.

२००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. गरोदर स्त्रियांत इतर औषधांच्या तुलनेत हायड्रॅलाझिनने बीपी जास्त कोसळतो, वार सुटण्याचे प्रमाणही जास्त, असे त्यात दिसले. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी लॅबेटॅलॉलच्या इंजेक्शनने त्याची जागा घेतली. माझ्या भाचीला मिळाले ते लॅबेटॅलॉलच. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत हायड्रॅलाझिनचे इंजेक्शन राहिले, तेही एकाच कामासाठी : गरोदरपणात एकाएकी चढलेला तीव्र बीपी.

झटक्यांसाठी वेगळे औषध लागते, हेही याच काळात पक्के झाले. मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी झोप आणणाऱ्या तीन औषधांच्या मिश्रणाने एक्लॅम्पसियावर उपचार बसवला होता. १९६१ च्या त्यांच्या लेखानंतर तो भारतभर चालला. पुढे १९९५ मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासाने दाखवले की, मॅग्नेशियम सल्फेट दिल्यावर पुन्हा झटका येण्याचा धोका डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी कमी होतो. भारतही त्या अभ्यासात होता. हे औषध म्हणजे एक साधा, स्वस्त क्षार. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आपल्याकडच्या कमी वजनाच्या स्त्रियांसाठी त्याची कमी मात्रा सुचवली. आज सरकारी सूचनांनुसार उपकेंद्रातली एएनएम ताईसुद्धा याचा पहिला डोस कमरेत देऊन रुग्णाला पुढे पाठवू शकते. खालाच्या गावात अशी ताई त्या रात्री असती तर, हा विचार मी फार लांबवत नाही.

नागपूरची गोळी

एक गाठ उरली होती. झटक्यासाठी कमरेतली सुई गावात आली. पण बीपी उतरवायला शिरेतलीच सुई हवी का? तिथे आपल्या विदर्भाने उत्तर दिले.

एप्रिल २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात एक मोठा अभ्यास झाला. डॉ. शुचिता मुंडले आणि त्यांचे परदेशी सहकारी त्यात होते. बीपी १६० किंवा ११० च्या वर गेलेल्या ८९४ गरोदर स्त्रिया. इंजेक्शन नाही, फक्त तोंडाने गोळी : कुणाला निफेडिपिन, कुणाला लॅबेटॅलॉल, कुणाला मिथिलडोपा. सहा तासांत, काही विपरीत न होता, बीपी सुरक्षित पातळीवर आलेल्या स्त्रिया अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के. २०१९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. जिथे इंजेक्शन आणि सतत देखरेख शक्य नाही, तिथे या तिन्ही साध्या, स्वस्त गोळ्या सुरुवातीला देता येतात, हा त्याचा अर्थ.

यातली निफेडिपिन ही रक्तवाहिन्या सैल करणारीच गोळी. म्हणजे जे काम सुई करायची, ते गोळी करते. त्या ८९४ जणी सरकारी दवाखान्यात आलेल्या, आपल्यासारख्याच घरांतल्या बायका होत्या. त्यांच्या खाटांवर उत्तर सापडले आणि ते जगाला उपयोगी पडले. मुंबईत वकिलांच्या ५० रुग्णांनी जे केले, तेच सत्तर वर्षांनी नागपूरच्या या बायकांनी केले. पुस्तकांत डॉक्टरांची नावे राहतात. रुग्णांची राहत नाहीत. त्यांच्यासाठीही दुआ करावी, असे मला वाटते.

घाटाखाली

गोळी आली, २०१४ पासून १०८ ची गाडी आली, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तरीही जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून पावसाळ्यात निघणे आजही सोपे नाही. घाटावरच्या वाड्या-वस्त्यांवरही रात्री गाडी यायला वेळ लागतोच. पण आता सर्वांत मोठे अंतर रस्त्याचे राहिलेले नाही. ते दंड आणि पट्टा यांमधले आहे. बीपी वाढलेला माणसाला कळत नाही, तो मोजावाच लागतो. आणि सुजलेले पाय, न थांबणारी डोकेदुखी, काजवे, बरगडीखालची कळ, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. औषध कोणते, सुई की गोळी, हे डॉक्टर ठरवतील. दादांच्या पट्टीतली गोळी उचलून द्यायची नाही. दम करायचा असेल तर गाडीत बसून करा. मीही भाचीला नेताना सबंध रस्ताभर आयतुल कुर्सी पढत होतो.

आठवड्यापूर्वी मी अम्मीला हा सगळा इतिहास सांगितला. हकीमसाहेब, केईएम, नागपूर, सगळे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "म्हणजे तिला असर झालाच नव्हता?"

मी म्हणालो, "नाही अम्मी. तिचा बीपी वाढला होता."

चाळीस वर्षे आमच्या घरात खालाच्या नावासोबत एक कुजबुज चालत आली होती. ती कुठे गेली असेल, कुणाची नजर लागली असेल, तिन्हीसांजेला विहिरीवर का गेली असेल. मेल्यावरही बाईलाच दोष. अम्मीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर."

म्हणून सांगतो आहे.